निळा कागद

६ ऑक्टोबर १९९६

डायरी लिहायची खोड मला कधी नव्हती. पण बागूल सर म्हणाले, प्रत्येक लाइटिंग लिहून ठेवायचं. दिवा कुठे होता, किती उंच होता, चेहरा कसा आला. "डोक्यात ठेवशील तर लग्नाच्या सीझनमध्ये सगळं वाहून जाईल." म्हणून ही डायरी. त्यात लाइटिंगखेरीज दुसरं काही येऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, बघू.

किशोर बागूल मूळचे सटाण्याचे. तीस वर्षं मुंबईत आहेत, मासिकांची मुखपृष्ठं करतात. गेल्या आठवड्यात त्र्यंबकच्या बाजूला त्यांचं साड्यांचं शूट होतं आणि रिफ्लेक्टर धरायला माणूस कमी पडला. मी नाशिकरोडचा स्टुडिओ बंद ठेवून गेलो. इतकी वर्षं फोटो काढतोय. आयकार्ड, बारसं, लग्न, स्थळाला पाठवायचा उभा फोटो. पण लाइट म्हणजे काय ते परवा पहिल्यांदा कळलं. तीच मुलगी, तोच चेहरा. दिवा हातभर सरकवला की गालाचं हाड उठून दिसतं, आणखी सरकवला की नाकाची सावली ओठावर पडते आणि सगळा सत्यानाश.

जाताना म्हणाले, "मार्चच्या अंकाला नवा चेहरा हवाय, मुंबईबाहेरचा. काढून पाठव. पण स्लाइडवर. निगेटिव्हमध्ये लॅबवाला प्रिंट काढताना आपल्या चुका झाकतो. स्लाइडमध्ये फिल्मवर उमटलं तेच दिसतं, लपवाछपवी नाही."

मुखपृष्ठ! आतल्या पानावर बारीक अक्षरात का होईना, 'छायाचित्र : वाल्मीक आहेर'. उज्वलाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग लग्नाच्या ऑर्डरी कोण घेणार?" आमच्या सौ.ना मोठं काही सांगायची सोय नाही.

१७ ऑक्टोबर

चेहरा मिळाला. पल्लवी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली आणि मी फोकस करता करता थांबलोच. मान लांब, जबडा रेखीव. वडिलांना भेटून आलो. भला माणूस आहे. एकच विचारलं, "स्टुडिओत तुमच्या मिसेस असतील ना? मग आमची हरकत नाही."

मिसेस असणारच, कारण टेस्ट तिच्यावरच करायच्या आहेत. पल्लवीला कॉलेज आहे, ती रोज कुठून येणार? उज्वला उंचीला तिच्याएवढीच आहे. दुपारची धुणीभांडी उरकली की तिने स्टुलावर बसायचं, मी दिवे लावून बघायचे. हातात पांढऱ्या पुठ्ठ्याची पाटी धरायची, तिच्यावर टेस्टचा नंबर. म्हणजे स्लाइड परत आली की डायरीत बघून कळेल कुठली लाइटिंग होती ते. बागूल सरांनीच शिकवलेली पद्धत.

उज्वला म्हणाली, "अठरा वर्षांत माझे एवढे फोटो कधी काढले नव्हते." खूश दिसली.

२८ ऑक्टोबर

आठ टेस्ट झाल्या. मुख्य हॅलोजन डावीकडे, उजेड मऊ करायला ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडाच्या कनातीमागून, केसांवर मागून एक छोटा. छान वाटतंय. पण बाईसाहेब हलतात! सारखं दंड खाजव, पाठ खाजव. शटर हळू ठेवलंय, जरा हललं की फोटो पुसट. मी ओरडलो. ती म्हणाली, "अंगाला फार खाज सुटते हो हल्ली. रात्री झोप नाही." मी म्हटलं, हॅलोजनच्या उष्णतेने होतं तसं, खोबरेल लाव.

खोबरेल लावलं तर कपाळ चमकायला लागलं. पावडर लावायला सांगितली.

९ नोव्हेंबर

मुंबईहून स्लाइड आल्या. खिडकीच्या काचेवर लावून बघितल्या. लाइटिंग झकास, पण रंग पिवळसर! नीट बघितलं तर चेहऱ्यावर पिवळी झाक आहेच.

कारण उघड आहे. व्होल्टेज. व्होल्टेज पडलं की हॅलोजन पिवळा जळतो. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याची चिमणी दिसते, अख्ख्या महाराष्ट्राला इथून वीज जाते आणि आमच्या घरात ट्यूब पेटत नाही, संध्याकाळी साधा बल्ब लावून बसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

स्टॅबिलायझर आणायला हवा. उज्वलाला यंदा दिवाळीला माहेरी पाठवलं नाही, टेस्ट अडून राहतील.

१३ नोव्हेंबर, भाऊबीज

लेक आली नाही म्हणून काल संध्याकाळी सासूबाईच नांदगावहून फराळ घेऊन आल्या. दारातच उज्वलाच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "अगं बया, पिवळी दिसती का गं तू?"

मी म्हटलं, "मामी, हा बल्ब आहे. बल्बचा उजेडच पिवळा असतो. डोळ्यांना सवय होते म्हणून आपल्याला कळत नाही, फिल्मला कळतं." स्लाइडसुद्धा दाखवल्या. त्यांनी उजेडाकडे धरून बघितल्या, कौतुकाने परत दिल्या.

आज सकाळी परसात उज्वला पाणी भरत होती तर पुन्हा तेच. "जावईबापू, अजून बी तशीच दिसती वो. अन् जेवली बी नाय रातीला. फोडणीचा वास नको म्हनती."

आता कोवळं ऊन पिवळंच असतं. फोटोग्राफर त्यासाठी पहाटे उठतात. तेही समजावून सांगितलं. "तुमी म्हन्ता तर तसंच असंल," म्हणाल्या, "तुमचा धंदाच हाय त्यो." दुपारच्या गाडीला बसवून दिलं. चतुराबाई नाव शोभतं त्यांना, एका सांगण्यात समजल्या.

२ डिसेंबर

स्टॅबिलायझर लावूनही पिवळं! परवाच्या स्लाइड तर पहिल्यापेक्षा जास्त पिवळ्या. डोक्याला हात लावला. फिल्म बदलली, तीच गत. म्हणजे लॅब. मुंबईला फोन केला तर लॅबवाला म्हणतो, आमच्याकडे दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. नाचता येईना अंगण वाकडं!

भिंग लावून बघितलं. नुसती कातडी नाही, डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळा आलाय. म्हणजे पावडरीचा किंवा मेकअपचा प्रश्न नाही, हे तरी नक्की झालं. दोष उजेडातच आहे, नाहीतर डोळे कशाला पिवळे येतील?

उज्वला म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन येऊ का? फार गळल्यासारखं होतं." मी म्हटलं जा की, कोणी अडवलंय? मग म्हणाली, तुम्ही बरोबर आलात तर बरं. शूट होऊ दे म्हटलं, मग निवांत जाऊ. तोवर टॉनिक आणून दिलंय.

१९ डिसेंबर

सुटला! प्रश्न सुटला!

मुंबईला जाऊन दिव्यांपुढे लावायचा निळा कागद आणला. पातळ, पारदर्शक, उष्णतेने जळत नाही असा. पिवळ्यावर निळा हा उतारा. एक घडी लावली, थोडं पिवळं राहिलं. दोन घड्या लावल्या आणि आज स्लाइड आल्या त्यात उज्वलाचा चेहरा असा आलाय की काय सांगू! लग्नातल्यासारखा. रंग अगदी बरोबर. तिला दाखवल्या. खिडकीशी उभी राहून खूप वेळ बघत होती.

"मी अशी दिसते?" म्हणाली.

"लाइटने दिसतेस," मी म्हटलं. ती हसली. मला तेव्हा वाटलं, हे मुखपृष्ठ आता कोणी अडवू शकत नाही.

गालाची हाडंही आता सुंदर उठतात तिची. ऑक्टोबरमध्ये चेहरा जरा भरलेला होता, दिवा कुठेही लावला तरी सपाट. आता सावली बरोबर बसते. ब्लाउज मात्र ढगळ दिसतो, पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून घट्ट केला. मोठ्या शूटमध्येही असंच करतात.

१४ जानेवारी १९९७, संक्रांत

संध्याकाळी शेजारी यशोदाबाईंकडे हळदीकुंकू होतं. उज्वला काळी साडी नेसून गेली आणि लगेच परत आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, यशोदाबाई हळद लावताना म्हणाल्या, तुम्हाला कशाला हळद हवी, अंगचीच आहे. सगळ्या हसल्या.

काळ्या साडीवर कोणाचाही रंग उजळ दिसतो, हा साधा नियम आहे. मी म्हटलं, जळतात त्या. ती साडी न बदलता आडवी झाली. जेवण मीच केलं, म्हणजे दूधपोहे.

१९ जानेवारी

आज शूट. जीव ओतला.

पल्लवी वेळेवर आली. उज्वलाने तिची वेणीफणी केली, टाचण्या लावल्या. सगळं टेस्टप्रमाणेच. कनात डावीकडे, केसांवर मागून दिवा, हनुवटीखाली पांढरा थर्मोकोल आणि सगळ्या दिव्यांना दोन घड्या निळा कागद. चार रोल काढले. एका फ्रेममध्ये तिने मान वळवली, इतकी सुंदर! ते मुखपृष्ठ आहे. मला माहीत आहे.

मध्ये उज्वला आत जाऊन उलटी करून आली. पल्लवीने मला बाजूला घेतलं. "काका, काकूंना बरं नाहीये का? त्यांचे डोळे बघितलेत?" आजकालच्या मुलींना भलत्या चौकशा फार. मी म्हटलं, तू लेन्सकडे बघ.

रोल आणि आजवरच्या सगळ्या टेस्ट एकाच पार्सलात बागूल सरांना पाठवल्या. बघू दे त्यांना, किती मेहनत घेतली ते.

२९ जानेवारी

दुपारी बागूल सरांचा फोन. लॅबमधूनच केलेला.

पहिलंच वाक्य, "मुलगी निळी आलीय रे. मढ्यासारखी."

मी व्होल्टेज सांगितलं, हॅलोजन सांगितलं, निळा कागद सांगितला, टेस्टमध्ये रंग बरोबर आला होता हे दहादा सांगितलं. मग म्हणाले, "टेस्टमधल्या बाई कोण?"

"मिसेस आहेत."

"त्यांच्या हातात पाटी आहे ना पांढरी? सगळ्या टेस्ट ओळीने लावल्यात मी समोर. कागद लावायच्या आधीच्या सगळ्या स्लाइडमध्ये पाटी पांढरीशुभ्र आहे. मागची भिंतही पांढरी. दिवा पिवळा असता तर पाटी पिवळी आली नसती का? तू पाटीवरचा नंबर तेवढा वाचलास. तुझ्या लाइटला काही झालेलं नव्हतं, वाल्मीक. पहिल्यापासून."

मला समजेना. मी म्हटलं, मग पिवळं काय होतं?

मुंबईत तीस वर्षं राहिलेला माणूस, माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायचा. आज एकदम सटाण्याच्या अहिराणीवर आला. म्हणाले, "बाई आजारी शे, भाऊ."

फोन ठेवायच्या आधी म्हणाले की अंक चार तारखेला छापायला जातो, कागद काढून पुन्हा काढलेस तर अजून घेता येईल. "पण आधी त्या बाईंचं बघ."

उज्वलाला हाक मारली, बाहेर ये. दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख ऊन. बल्ब नाही, हॅलोजन नाही, कोवळं ऊन नाही. ती पदराला हात पुसत आली. मी पांढरी पाटी तिच्या गालाशी धरली.

"आता कितवी टेस्ट?" ती म्हणाली.

पाटी पांढरी होती. मला पुढे लिहवत नाही.

३० जानेवारी

काल लिहायचं राहिलं ते लिहितो. मी तिला म्हटलं, तू बोलली का नाहीस? नीट, ठणकावून का नाही बोललीस? ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला दिसतंय. रोज बघत होतात ना."

मग तीच म्हणाली, "आधी पल्लवीचं उरका. तारीख जाईल. इतके दिवस गेले, तीन दिवसांनी काय होतंय?"

मी हो म्हटलं. हे मी लिहून ठेवतोय. ती म्हणाली आणि मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

पुन्हा शूट. निळा कागद काढला. पल्लवी यायच्या आधी उज्वला आपणहून स्टुलावर येऊन बसली. हातात पाटी. "लावून घ्या दिवे." मी म्हटलं नको, तू पड. "मग कोणावर लावणार?" म्हणाली.

लावले. या खेपेला तिच्याकडे न बघता पाटीकडे बघून लावले.

रोल रात्रीच्या गाडीने एका ओळखीच्या माणसाबरोबर मुंबईला पाठवले.

५ फेब्रुवारी

काल डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि माझ्याकडे बघितलं. "किती दिवस झाले?"

दिवाळीपासून, म्हटलं.

"घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

मी फोटोग्राफर आहे, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं आणि तिथून थेट मुंबईची चिठ्ठी दिली.

नांदगावला कळवलं. सासूबाई आज सकाळी हजर. काविळीची माळ घेऊन आल्या होत्या, कोणा जाणत्याकडून मंतरून आणलेली. ती डोक्यावर घालतात, कावीळ उतरेल तशी माळ वाढत खाली येते. घाला म्हटलं. मामी मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी, मुंबई

पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे. ती आता यकृतापर्यंत गेली आहे. ऑपरेशन करता येणार नाही, नुसती नळी घालून पित्ताला वाट करून दिली. खाज थांबली तेवढी. पहिल्यांदाच शांत झोपली.

मोठ्या डॉक्टरांना विचारलं, नोव्हेंबरमध्ये आणलं असतं तर? ते म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." म्हणजे काय ते मला कळलं. माळ अजून कपाळावरच आहे.

बागूल सर भेटायला आले होते. मोसंबी आणली. उज्वलाला म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळे लाइट जमला याला." ती लाजली.

६ मार्च

आम्ही नाशिकरोडला परत आलो. करण्यासारखं काही नाही म्हणून घरी पाठवलंय.

स्टेशनवर उतरलो तर पुस्तकांच्या स्टॉलवर अंक टांगलेला. पल्लवी. मान वळवलेली. रंग अगदी बरोबर, जिवंत, कानाच्या पाळीतसुद्धा उजेड. आत माझं नाव. हमालगाडीवर बसलेल्या उज्वलाच्या हातात दिला. तिने मांडीवर ठेवून बोटाने चेहऱ्यावरची कडा गिरवली. "इथे तुम्ही दिवा थोडा खाली घेतलात ना? माझ्या वेळी वर होता."

बरोबर होतं तिचं.

पल्लवीच्या वडिलांनी वीज केंद्रात पेढे वाटले म्हणे. आणखी दोन मुलींचे बाप स्टुडिओत चौकशी करून गेलेत, असं यशोदाबाई सांगत होत्या. खाली मान घालून सांगत होत्या.

२२ मार्च

आज सकाळी उज्वला म्हणाली, "एक फोटो काढून ठेवा माझा. भिंतीवर लावता येईल असा. माझ्याकडे तसा एकही नाही, सगळ्यात पाटी आहे."

मी म्हटलं, बरी झालीस की काढू. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग मी दिवे लावायला घेतले.

मामींनी तिला धरून स्टुलावर बसवलं. हिरवी साडी, ब्लाउजला मागून चिमटे. मी व्ह्यूफाइंडरमधून बघितलं. अंगावर मांस राहिलेलं नाही आणि रंग हळदीच्याही पलीकडे गेलाय. बटणावरचं बोट दाबेना.

"निळा कागद लावा," ती म्हणाली.

"मागची भिंत निळी येईल गं."

"येऊ दे. भिंतीकडे कोण बघतंय? तुम्ही तरी कुठे बघितलंत?" आणि हसली. खरंच हसली, चेष्टेने. मामींनी तोंडाला पदर लावला.

कपाटातून कागद काढला. या वेळी दोन घड्यांनी भागेना, चार लावल्या. दिवा थोडा खाली घेतला. तिचा हात सवयीने पाटीसाठी पुढे आला, मी पाटी दिली नाही. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अजिबात हलली नाही. सगळा रोल तिच्यावर संपवला.

संध्याकाळी पार्सल देऊन आलो. तिने विचारलं, "कधी येईल?"

म्हटलं, दहा दिवस तरी लागतात.

"जरा लवकर नाही का होत?" ती म्हणाली.